काळ्या दोऱ्याची बाजू

झाशीत अजूनही लघाटेबाईंचं नाव निघालं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, त्या माणसाच्या शरीराचे तुकडे जेवणाच्या डब्यात ठेवत. दुसरी, त्यांनी संशोधनातले आकडे बनवले होते आणि म्हणून त्यांचं काम बंद झालं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती माझ्यापासून सुरू झाली. मी जाणूनबुजून खोटं बोललो नाही. मला जे खरं वाटत होतं तेच बोललो. पण आता या वयात या दोहोंतला फरक मला पूर्वीइतका मोठा वाटत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट, मूळचा साताऱ्याकडचा. सैन्यात डॉक्टर होतो. शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होती. निवृत्त झाल्यावर झाशीत छावणीच्या बाजूला घर घेतलं आणि एका ट्रस्टच्या रुग्णालयात काम धरलं. ते रुग्णालय आता बंद पडलं आहे. तिथं सगळे मला कर्नलसाहेब म्हणत. सैन्यात माझ्याकडे चौकशा बऱ्याच येत. औषधं कुठं गेली, रजेचा दाखला खरा की खोटा, असल्या. त्यामुळे माणूस समोर आला की हा काय लपवतो आहे, हे आधी पाहायची मला सवय लागली होती. घरी बायकोनंसुद्धा साखर संपली म्हणून सांगितलं तर मी डबा उघडून पाहत असे.

लघाटेबाई डॉक्टर नव्हत्या. त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. धातू, रबर, कापड ओढलं की किती ताणतं आणि कधी तुटतं, हा त्यांचा विषय. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इथल्या मराठी राज्याच्या कारभारात नोकरीला म्हणून दक्षिणेतून इकडे आलं आणि इथलंच झालं. बड़ा बाज़ारात एका कापडाच्या दुकानावर त्यांचं घर होतं. तिथं त्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई, दोघीच राहत. बाईंची मराठी ऐकली की मला आधी हसू येई. ‘करून राहिले’, ‘बोलून राहिले’ हे हिंदीचं वळण प्रत्येक वाक्यात, आणि मध्येच एखादा असा जुना घरगुती शब्द, जो मी माझ्या आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

आमच्या रुग्णालयात ग्वाल्हेरहून दर आठवड्याला एक सर्जन येत, सक्सेनाजी. पोटातून जाणारी मोठी धमनी काही माणसांमध्ये एका जागी हळूहळू फुगत जाते. त्याला आम्ही आपसात फुगाच म्हणायचो. तो किती रुंद झाला आहे हे पाहून ऑपरेशन करायचं की थांबायचं ते ठरतं. पण काही लहान फुगे फुटतात आणि काही मोठे वर्षानुवर्षं तसेच राहतात. बाईंचं म्हणणं असं, की रुंदी मोजून काय कळणार, भिंतीलाच विचारलं पाहिजे. ऑपरेशनात फुग्याच्या भिंतीचा जो तुकडा एरवी टाकून दिला जातो तो रुग्णाच्या परवानगीनं घ्यायचा, त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायच्या आणि किती ओढीला किती ताणल्या ते पाहायचं. सक्सेनाजींना हे पटलं. ट्रस्टनं तळमजल्यावरची एक खोली दिली. रबर तपासायचं एक जुनं यंत्र बाईंनी स्वतः दुरुस्त करून तिथं आणलं.

त्यांचे वडील अशाच फुग्यानं गेले होते. कंबर दुखते म्हणून मुतखड्याचं औषध चाललं होतं, आणि एका दुपारी जेवणाच्या पाटावरून ते उठलेच नाहीत. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आवाजात काही नव्हतं. “फुगा लहान होता म्हणे,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मी मनात नोंद केली, की या बाईंना एक विशिष्ट उत्तर हवं आहे, आणि ज्याला उत्तर आधीच हवं असतं त्याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

लक्ष ठेवायला माझ्याकडे सोय होती, कारण फ्रिज माझ्या विभागातला होता. त्यात बाईंचे दोन स्टीलचे डबे असत, अगदी सारखे. डब्यावर डबा, झाकणं घट्ट. एकदा त्या वर्गावर गेल्या असताना मी वरचा डबा बाहेर काढला आणि झाकण उघडायला लागलो. मागं दारात त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

“कर्नलसाहेब, वरच्यात दोडक्याची भाजी आहे. माणूस खालच्यात आहे.”

मी काहीतरी बोललो, स्वच्छतेचे नियम वगैरे. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, झाकण पुन्हा लावलं.

“तुम्ही विचारून राहिले की पकडून राहिले?”

त्या हसत होत्या. मी नाही हसलो. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली.

त्यांच्या खोलीच्या दाराला काच होती. तिथून मी बघत असे. बाई पट्टी मिठाच्या कोमट पाण्यातून काढत. यंत्राच्या दोन जबड्यांत ती घसरू नये म्हणून आत रेगमाल, म्हणजे खरखरीत काचकागद, चिकटवलेला असे. पट्टी धरली की त्या ती हळूच ओढत, सैल सोडत, पुन्हा ओढत. पडद्यावर रेघ उमटे. ती रेघ त्या जाऊ देत. पुन्हा ओढ, पुन्हा रेघ, पुन्हा सोडून दिली. मग कधीतरी खुर्ची पुढे ओढून बसत, आणि त्यानंतरचं तेवढं धरत. एकदा मी सरळ आत जाऊन विचारलं, की आधीच्या ओढी का फेकता?

“पहिली ओढ धरायची नाही, कर्नलसाहेब. ती खरं बोलत नाही. नुकतं कापलेलं असतं, फ्रिजच्या थंडीतून आलेलं असतं. आधी अंग सैल होऊ द्यायचं. मग ते आपल्या चालीवर येतं.”

आणि पट्टी जबड्याजवळ फाटली तर तीही त्या बाद करत. तो जबड्याचा दोष, भिंतीचा नाही, असं म्हणत. ही सगळी जगभर मान्य असलेली पद्धत आहे, हे मी त्याच आठवड्यात वाचून काढलं होतं. पण माझं डोकं असं, की मला वाटलं, लपवायचंच असेल तर मान्य पद्धतीसारखा दुसरा आडोसा नाही.

वस्तू ओढून पाहायची त्यांना सवयच होती. पोळी तोडण्याआधी दोन्ही बाजूंनी जराशी ताणत. एकदा माझी बायको ब्लाउजचं कापड घ्यायला बड़ा बाज़ारात निघाली तेव्हा मीही बरोबर होतो, आणि बाई त्यांच्याच घराखालच्या दुकानात भेटल्या. त्यांनी बायकोच्या हातातलं कापड घेतलं, उभं ओढलं, मग फिरवून आडवं ओढलं, कानाशी नेऊन पुन्हा ओढलं. दुकानदार त्यांना लहानपणापासून ओळखत असावा. तो वैतागून म्हणाला, “मैडमजी, कपड़ा है, मुजरिम नहीं है।”

“भैया, बोलते तो दोनों खींचने पर ही हैं,” बाई म्हणाल्या आणि कापड परत केलं. मग माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, की कापड एका बाजूनं ओढलं तर एक उत्तर देतं, दुसऱ्या बाजूनं दुसरं. धमनीच्या भिंतीचंही तसंच. नळीच्या घेराच्या दिशेनं ओढली तर ती वेगळी वागते, लांबीच्या दिशेनं ओढली तर वेगळी. बाजू उलटली की सगळं उत्तर उलटलं.

बाजू कळणं म्हणूनच महत्त्वाचं होतं. भिंतीचा चौकोनी तुकडा एकदा कापून बरणीत टाकला की तो शरीरात कसा बसला होता हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी सर्जननं तुकडा सोडवताना एका कडेला काळ्या दोऱ्याचा टाका घालायचा, असं ठरलं होतं. सुरुवातीला तो सक्सेनाजीच घालत. बाई ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभ्या राहून त्यांच्याशी हिंदीत बोलत, समजावून सांगत. मला ते बोलणं आवडत नव्हतं. ज्याला निकाल काढायचा आहे त्यानं नमुना देणाऱ्याशी इतकं का बोलावं? मी ट्रस्टकडे गेलो आणि सांगितलं, की दोरा तिसऱ्या माणसानं घालायला हवा. तिसरा माणूस अर्थातच मी.

बाईंनी वाद घातला नाही. पहिल्या दिवशी मी थिएटरमध्ये जायला निघालो तेव्हा व्हरांड्यात त्या एवढंच म्हणाल्या, “दोरा उ-ला घाला, म्हणजे झालं.” बरणीवरच्या चिठ्ठीवरही त्या नेहमी तेवढंच लिहीत, ‘दोरा – उ’. मी मान हलवली. उ म्हणजे उजवी. शाळेत शरीराच्या चित्राला आम्ही एका बाजूला उ आणि दुसऱ्या बाजूला डा लिहायचो, तेच माझ्या डोळ्यापुढे आलं. विचारून घ्यावं असं एकदाही मनात आलं नाही. जो तपासायला बसला आहे त्यानं विचारायचं नसतं, असं मला वाटे. त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या उजव्या कडेला मी स्वतः टाका घातला, दोन गाठींचा, निसटू नये म्हणून; सक्सेनाजींचं लक्ष तोवर पुढच्या शिवणीकडे गेलेलं असे.

पुढच्या काही महिन्यांत बाईंचे निकाल उलटले. सक्सेनाजींच्या दोऱ्याच्या तुकड्यांत भिंत घेराच्या दिशेनं जास्त ताठ निघत होती. माझ्या दोऱ्याच्या तुकड्यांत ती लांबीच्या दिशेनं ताठ निघायला लागली. बाई अस्वस्थ झाल्या. जबडे बदलले, रेगमाल बदलला, पाण्याची ऊब पुन्हा पुन्हा पाहिली, यंत्रावर रबराचा तुकडा लावून यंत्रच तपासलं. मग एका सकाळी माझ्या टेबलापाशी आल्या.

“कर्नलसाहेब, दोरा तुम्ही बरोबरच घालून राहिले ना?”

“तुम्ही सांगितलंत तिथंच,” मी म्हणालो.

त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. मला वाटलं, आता दोष कुणावर ढकलावा हे त्या शोधत आहेत.

ट्रस्टच्या बैठकीत मी अर्धे निकाल एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे ठेवले. म्हणालो, की माणसांच्या धमन्या एका महिन्यापासून दुसऱ्या तऱ्हेनं वागायला लागत नाहीत. यातला एक भाग तरी बनवलेला आहे, आणि ज्या हातानं एक भाग बनवला त्या हाताच्या दुसऱ्या भागावर विश्वास ठेवता येत नाही. फेकून दिलेल्या ओढी, बाद केलेल्या पट्ट्या, वडिलांचा मृत्यू, सगळं सांगितलं. सक्सेनाजी त्या दिवशी ग्वाल्हेरला होते. अध्यक्ष तिवारीजी भले गृहस्थ होते, पण त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी समोरची रिकामी बरणी उचलली आणि चिठ्ठी वाचली.

“यह ‘उ’ क्या है मैडमजी, उत्तर?”

सगळे हसले. मीही हसलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“जी, उत्तर ही समझिए,” त्या म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. नकाशात उत्तर वर असते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी त्या बरणीवर दुसऱ्यांदा नजरही टाकली नाही. तिवारीजींनी बाईंना काही सांगायचं आहे का असं विचारलं, तेव्हा त्या उठल्या. “जो खींचा, वही लिखा,” इतकंच बोलल्या आणि बसल्या.

खोली ट्रस्टनं परत घेतली. गोष्ट त्यांच्या कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. तिथं प्रयोगशाळेतून काढून त्यांना नुसतं वर्गावर ठेवलं, आणि वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. कुणी मला विचारलं की त्या मैडमचं काय झालं, तर मी हात झटकून म्हणे, आकडे जुळत नव्हते. एवढ्यावर लोक बाकीचं आपण होऊन समजून घेत. मी थांबवलं नाही.

काही वर्षांनी त्यांच्या आई वारल्या. बायको म्हणाली, आपली माणसं इथं मोजकी, गेलंच पाहिजे. म्हणून गेलो. आईंना जमिनीवर घेतलं होतं. माणसं भिंतीला टेकून बसली होती. बाईंच्या भावाची मुलगी शुभी दिल्लीहून आली होती. तिला मराठी कळत असे, बोलता येत नसे. बाई आईंच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी हात न उचलता तिला सांगितलं, “शुभी, दिवा उशाला ठेव.”

मुलीनं दिवा उचलला, आजीच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवला, आणि दबक्या आवाजात विचारलं, “आत्याजी, उशाला मतलब राइट में ना?”

“उशाला, बेटा. उशाला. सिरहाने.”

शुभीनं दिवा हाताकडून उचलला आणि डोक्याकडे नेला.

मी त्या दिव्याकडे पाहत बसलो. उ म्हणजे उशाकडची बाजू. डोक्याकडची. सक्सेनाजींना त्या थिएटरच्या दाराशी सिरहाना, सिरहाना असंच समजावत होत्या, आणि मी तिथं उभा होतो. शब्दांवर माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष त्या इतकं का बोलतात याच्यावर होतं. दोरा डोक्याकडे घालायच्या ऐवजी मी उजवीकडे घातला. म्हणजे प्रत्येक तुकडा पाव वळसा फिरला. घेर लांबी झाला, लांबी घेर झाली. पुढे सक्सेनाजींकडून निकाल मागवून मी माझ्या वाट्याचे सगळे तुकडे मनानं पाव वळसा परत फिरवले, तेव्हा ते पहिल्या भागाशी तंतोतंत एका रांगेत बसले. बाईंच्या यंत्रानं, हातानं, डोळ्यानं काहीही चूक केली नव्हती.

त्या दिवशी बोलणं शक्य नव्हतं. त्यानंतर शक्य होतं, पण मी टाळलं. कधी उन्हाळा कडक म्हणून, कधी बायकोचा गुडघा दुखतो म्हणून. एका हिवाळ्यात अखेर एकटाच गेलो. दुपार होती. बाई खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. केस पूर्ण पिकले होते. मी बसलो आणि म्हणालो, की त्या दोऱ्याबद्दल बोलायचं आहे.

“बोलू नका,” त्या म्हणाल्या. “आधी करून दाखवा.”

त्यांनी कपाटातून एक पांढरा रुमाल, सुई आणि काळा दोरा काढला. रुमाल माझ्यापुढे पाटावर पसरला. कपाटाकडे डोकं, दाराकडे पाय, असं बोट फिरवून सांगितलं. माणूस उताणा झोपला आहे असं समजायचं.

“दोरा उ-ला घाला.”

मी म्हणालो, “बाई, आता मला कळलं आहे उ म्हणजे काय. आता माझ्या हाताचा काय भरवसा?”

“तेच पाहून राहिले. पहिली ओढ तशीही सोडूनच द्यायची.”

मी टाका घातला, मुद्दाम डोक्याच्या कडेला. त्यांनी तो कापून टाकला. पुन्हा घालायला लावला. पुन्हा कापला. मधून मधून त्या इतर गोष्टी काढत. शुभीचं लग्न ठरतंय, खालचं दुकान आता मुलानं घेतलंय, छावणीतले रस्ते अजून तसेच शांत आहेत का. बायकोच्या गुडघ्याचं विचारलं आणि मी सविस्तर सांगायला लागलो. चहा आला. मी बोलत होतो, सुई चालत होती, आणि पुन्हा कात्री आली नाही म्हणून मी खाली पाहिलं. टाका उजव्या कडेला होता. दोन गाठींचा.

बाईंनी रुमाल डोळ्यांजवळ नेला. नखानं दुसरी गाठ चाचपली.

“दोन गाठी.”

“सैन्यातली सवय,” मी म्हणालो. “निसटू नये म्हणून.”

“सक्सेनाजी एकच मारत. तुम्ही यायला लागलात आणि दोन गाठी आल्या, बाजू उलटली. मला वाटायचं, दुसरी गाठ मुद्दाम आहे. बाजू बदलून वर पक्की करून राहिले.”

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना जे समजत होतो, तेच त्या मला समजत होत्या. त्यांच्याकडे पुरावा माझ्यापेक्षा बरा होता. तरी त्यांनी बैठकीत तो काढला नाही. का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आजवर न विचारता आरोप केला, आता विचारायचा हक्क कुठला, असं वाटून ते तसंच सोडलं. मग म्हणालो, की मी सगळ्यांना सांगतो. लिहितो.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “पण लघाटेबाईंनी मानलं, असं लिहू नका. एका दुपारच्या हातावर मी मानत नाही. अजून पाहून राहिले.”

म्हणून तसं लिहीत नाही. आकडे खरे होते, दोरा चुकीच्या कडेला होता आणि दोरा घालणारा हात माझा होता, एवढं लिहितो. तो हात नकळत चुकला की मुद्दाम, यावर बाईंचा निकाल आला नाही. पुढच्या वर्षी त्या शुभीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या.

त्या दुपारी जिना उतरून मी रस्त्यावर आलो. बाजारात गर्दी होती, एका हातगाडीसाठी बाजूला व्हावं लागलं, आणि सहज वर पाहिलं. बाई खिडकीत उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी रुमाल दोन्ही हातांत उजेडाकडे धरून हळूच ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला. मग पाव वळसा फिरवला, आणि मान तिरकी करून पुन्हा ओढायला लागल्या.